दीदी येईपर्यंत

सिल्वासाच्या टोकरखाड्यातली सरकारी क्वार्टरांची आमची रांग आता रिकामी आहे. दारांवर लाल रंगाने फुल्या मारल्या आहेत. ही घरं लवकरच पाडणार. आमच्या घराला कुलूप नव्हतं. आत गेल्यावर उजव्या हाताला स्वयंपाकघर. भिंतीचे पोपडे सुटले आहेत आणि त्यांच्या कडांना रंगांचे थर दिसतात: वर गुलाबी, मग पिवळा, सगळ्यांत खाली निळसर. निळसर रंग आमच्या वेळचा. त्यावर फोडणीच्या धुराची ओशट साय आहे. बोट लावलं की अजून चिकटतं. वास मात्र राहिलेला नाही. मी नाक भिंतीपाशी नेलं, तर नुसती ओल.

येण्याचं निमित्त कामाचं होतं. एका ज्येष्ठ चित्रपट दिग्दर्शिकेचं मुंबईत निधन झालं. निधनाची बातमी सगळ्यांनी छापली, त्यानंतर रविवारच्या पुरवणीसाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला. संपादकांची अपेक्षा अशी की, ज्या चित्रपटाने त्यांचं नाव परदेशात पोचवलं त्यातलं सिल्वासाचं स्वयंपाकघर मी जाऊन पाहावं आणि त्यावर लिहावं. चित्रपटात दिसतं ते स्वयंपाकघर सिल्वासातलं नाही. ते मुंबईच्या एका स्टुडिओत प्लायवूडचं उभं केलं होतं. मी उभी होते ते त्याचं मूळ.

त्यांच्या कारकिर्दीचा तपशील सर्वांना माहीत आहे. कराचीतलं मराठी कुटुंब, फाळणीनंतर मुंबई, चाळीतली एक खोली. संकलन विभागात नोकरी. फिल्मचे तुकडे चिकटवायच्या द्रवाचा वास केसांतून जात नसे, असं त्या सांगत. कॅमेऱ्यामागे बाईने उभं राहायचं नाही हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत होते. त्यांनी ते पाळलं नाही. आधी सरकारी माहितीपट केले: विहिरी, लसीकरण, शेळीपालन. मग स्वतःचे चित्रपट. मेकअप नाही, सेट नाही, खरी घरं आणि खरी माणसं, ही त्यांची ओळख झाली. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक बाई दिग्दर्शिकेने त्यांचं ऋण मान्य केलं आहे. त्या ऋणाबद्दल मला शंका नाही.

युनिटमधले सगळे त्यांना दीदी म्हणत. म्हणून आम्हीही.

ऐंशीच्या दशकातल्या सिल्वासाला दोन आवाज होते. एक कारखान्यांचा. पत्र्याच्या नव्या शेडमध्ये सूत पिळणारी यंत्रं दिवसरात्र गुणगुणत आणि वारा तिकडून आला की तापलेल्या तेलाचा वास अंगणातल्या कपड्यांना लागे. दुसरा आवाज आदिवासी पाड्यांवर फुंकल्या जाणाऱ्या तारप्याचा, भात कापून झाल्यावर. मधल्या जागेत आम्ही राहत होतो: बांधकाम खात्यातले, टपालातले, शाळेतले. कुणी कोकणातलं, कुणी मुंबईचं. क्वार्टरांच्या मागे एक चाळ होती, तिथे खानदेशातून आलेले कामगार. नळावर तीन भाषा एका वाक्यात मावत. उन्हाळ्यात आदिवासी बायका मोहाची फुलं वाळत घालत आणि तो गोड, जड वास दुपारभर घरात बसून राही.

आई मराठी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायची. बाबा बांधकाम खात्यात होते. दर रविवारी जेवून ते स्कूटरने वापीला जात. तिथे रेल्वेच्या वसाहतीत त्यांचा एक मित्र होता. कॅरम खेळत आणि येताना बाजारातून मासळी आणत. मी तेव्हा बारावीत होते, रविवारी दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचे. घरात आई एकटी असे.

दीदी शाळेत आल्या त्या मुलं बघायला. पण आईच्या वर्गाच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि तास संपेपर्यंत हलल्या नाहीत. जाडीभरडी सुती साडी, पुरुषी घड्याळ, पायात कोल्हापुरी. मग घरी चहाला आल्या. चहा झाला तरी त्या ओट्याजवळच बसून होत्या, कारण पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि ओट्यावरून सरकत तांदळाच्या डब्याकडे चाललं होतं. ते डब्यावर पोचेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत होत्या.

त्यांची पुढची गोष्ट एका शिक्षिकेची होती आणि ती शिक्षिका आईने करावी असं त्यांचं म्हणणं होतं.

"बाई, तुम्ही अभिनय करायचा नाही," त्या म्हणाल्या. "रोज करता तेच करा. मी फक्त बघणार."

"रोजचं ते काय बघायचं?" आई म्हणाली.

"तुमचं आजवर कुणी बघितलं नाही, म्हणून."

 बशीतला सांडलेला चहा आईने पदराने पुसला. पदराने ती कधी काही पुसत नसे.

चित्रीकरणाआधी दीदी काही दिवस नुसत्या येत राहिल्या. सोबत कातडी पिशवीतला टेप. तो तांदळाच्या डब्यावर ठेवायच्या आणि लाटण्याचा, कुकरचा, नळाखालच्या बादलीचा आवाज घ्यायच्या. आईला बोलतं करायच्या. लिहिलेली पटकथा त्यांच्याकडे नसे. माणसांच्या बोलण्यातूनच संवाद येतात, असं त्या मानत. एका रविवारी मी मैत्रिणीकडून लवकर परतले तर दार आतून लावलेलं होतं. आईने उघडलं. दीदी स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या. टेप बंद होता आणि वायर गुंडाळून ठेवलेली. दोघींचे डोळे लाल होते, पण आई हसत होती. एवढंच मला दिसलं.

मग गाड्या आल्या, दिवे आले. दिवेवाल्या पोरांनी आमच्या न्हाणीघरात कपडे धुतले आणि आईला मॅडमजी म्हणायला लागले. बाबांनी रजा काढली. अंगणात जमलेल्या गर्दीपुढे ओठांवर बोट ठेवून ते दिवसभर उभे असत. आईने काय केलं, तर भाजी चिरली, कपडे वाळत घातले, शाळेच्या वाटेने चालत गेली आणि चालत आली. घामाघूम व्हायची, पुन्हा करायची. मध्येच गुणगुणायची, तिला गाता येतं हे मला सोळा-सतरा वर्षांत कळलं नव्हतं. संध्याकाळी सामान गाडीत चढलं की ती रिकाम्या स्वयंपाकघरात उगाच इकडचं तिकडे करत राही. दिवे बंद झाल्यावरही भिंती खूप वेळ गरम असायच्या.

अर्धं काम झालं आणि युनिट उठलं. उरलेलं पावसानंतर. जाताना एका सहायकाने झटपट निघणाऱ्या फोटोंच्या कॅमेऱ्याने घरातली प्रत्येक वस्तू टिपून घेतली. कंटिन्युटी, असं तो म्हणाला. आज दाखवलेलं उद्याच्या चित्रात तसंच दिसलं पाहिजे. दीदी दारात थांबल्या आणि आईचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "मी येईपर्यंत काही बदलू नका. तोवर हे घर माझं समजा."

आम्ही ते शब्दशः घेतलं.

कॅलेंडरवर मार्च होता. तो तसाच राहिला. एप्रिल, मे, जून त्याच्या मागे निघून गेले. चतुर्थी, एकादशी बघायची तर पान उचलून मागे डोकवायचं आणि पुन्हा सोडायचं. आईच्या हातातली एक हिरवी बांगडी फुटली, तेव्हा उरलेली एक बांगडी घेऊन ती कासाराकडे गेली आणि तसल्याच रंगाची मिळेपर्यंत त्याची सगळी दोरी उलगडायला लावली. चित्रीकरणात नेसलेल्या दोन साड्या तिने कापडात बांधून ठेवल्या. ते बोचकं कधी कधी उघडून पुन्हा घडी मोडू न देता बांधे. कोनाड्यातली फुटक्या कानाची बरणी, दारामागची छत्री, डब्यांचा क्रम, सगळं फोटोत होतं तसं. पाहुण्यांनी डबा जागचा हलवला की बाबा पाहुणा उठायच्या आत तो जागेवर ठेवत.

सुरुवातीला बाबाच चेष्टा करत होते. मग सगळ्यांत कडक तेच झाले. पावसाच्या वाऱ्यात खिडकीबाहेरची पपई कलली. फोटोत ती सरळ होती. बाबा भिजत बाहेर गेले, बांबूचा टेकू लावला आणि काथ्याने तीन ठिकाणी बांधलं. दिवाळीआधी खात्याची माणसं दरवर्षीप्रमाणे रंग काढायला आली. सगळ्या रांगेला रंग लागला, आमचं घर सोडून. मुकादम बाबांच्या हाताखालचा, पण तोंडाचा मोकळा.

"साहेब, वहिनी सिनेमात गेल्या म्हणून घर काय भुताचं ठेवायचं?"

"भुताचं असू दे," बाबा म्हणाले. "पुढचं घर घे."

खानवेलच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. ती आईला मिळत होती. तिकडे राहायला जावं लागलं असतं. तिने नकार कळवला आणि कारण प्रकृतीचं दिलं.

मागच्या चाळीतल्या सुमनताई, नवरा सुताच्या कारखान्यात पाळीवर, रोज नळावर चौकशी करायच्या. "बाई, ती तुमची दीदी येऊन राहिली का नाही? का मी बी तोवर जुनंच पातळ नेसून बसू?" त्यांचा पत्र्याचा ड्रमही चित्रात आला होता. तो त्यांनी हलवला नव्हता. नवरा ओरडत होता तरी.

थंडीत तो सहायक पुन्हा आला, सोबत टेपपट्टी घेतलेला एक माणूस. दोघांनी स्वयंपाकघर मापलं: ओट्याची उंची, खिडकीची रुंदी, कोनाड्याची खोली. पुन्हा फोटो काढले, खिडकीबाहेरचेही. दिवे कुठे लावायचे ते ठरत असेल, असं बाबा म्हणाले. आईने पोहे केले. दीदी कधी येणार, असं तिने दोनदा विचारलं. लवकरच, असं उत्तर दोनदा मिळालं. पाहुणे गेल्यावर तिने आरशासमोर उभं राहून कानामागचे पांढरे झालेले केस मोजल्यासारखे बाजूला केले. उपटले नाहीत. काळे करायचे की तसेच ठेवायचे, हे दीदींना विचारायचं राहिलं, म्हणाली.

त्यानंतर कुणी आलं नाही. वर्ष पालटलं. कॅलेंडर पालटलं नाही.

मग एक दिवस मुंबईच्या वर्तमानपत्रात आलं की त्या चित्रपटाला पारितोषिक मिळालं आणि येत्या रविवारी दुपारी तो दूरदर्शनवर दाखवणार. म्हणजे चित्रपट पूर्ण झाला होता. आई म्हणाली, उरलेल्या भागाची गरज पडली नसेल, आहे त्यात भागवलं असेल. तिने हे इतक्या वेळा म्हटलं की शेवटी आम्हालाही ते पटलं. बाबांनी पेढे आणले. त्या रविवारी ते वापीला गेले नाहीत.

घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रांगेतले सगळे, चाळीतले निम्मे, शाळेतल्या दोघी शिक्षिका. आई खाली बसली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, नव्या साडीत. तिथून तिला दोन्ही दिसत होतं, पडदा आणि ओटा.

पहिल्याच दृश्यात एक बाई शाळेच्या वाटेने पाठमोरी चालत गेली. "आमच्या बाई!" असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. पुढच्या दृश्यात ती बाई वळली. तो चेहरा आईचा नव्हता. मुंबईच्या रंगभूमीवरच्या एका नामवंत अभिनेत्रीचा होता. तिने आईच्या साडीसारखीच साडी नेसली होती. तिच्या मागे आमचा ओटा होता, आमची फुटक्या कानाची बरणी, मार्चचं पान. खिडकीबाहेर पपई होती आणि पपईला बांबूचा टेकू होता. काथ्याच्या तीन गाठींसकट.

"बाई, तुम्ही कुठं?" सुमनताई हळूच म्हणाल्या. 

लोक तरीही बसून राहिले. उठून जाणं बरं दिसलं नसतं. आणि उत्तरार्धात तो प्रसंग आला, ज्याबद्दल नंतर समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली. ती बाई शेजारणीशी बोलते. स्वयंपाकघरात, जमिनीवर बसून.

"ते रविवारी जातात. दार लावते आणि इथे जमिनीवर पडून राहते. काही करत नाही. तेवढा वेळ घर माझं असतं. मग स्कूटरचा आवाज येतो आणि दार उघडावं लागतं. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर सोपं झालं असतं."

अभिनेत्रीने ते उत्तम म्हटलं. आवाज चढवला नाही. "नाही हो" म्हणताना आई मान जशी किंचित डावीकडे नेते, तशीच तिने नेली.

मी आईकडे पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नाही, आणि म्हणूनच सगळ्यांना समजलं आहे हे कळत होतं. चित्रपट संपला. लोक पेढे घेऊन गेले. एका शिक्षिकेने फोटोग्राफी छान होती असं सांगितलं. बाबा खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

"बांबू आपलाच होता," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने पातेली घासली, धुतलेली पुन्हा घासली. मी शेजारी उभी होते. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिने बटण माझ्यासमोर बंद केलं होतं. वायरसुद्धा गुंडाळली." दीदींबद्दल ती त्यानंतर कधी बोलली नाही.

पुढच्याच आठवड्यात घर पिवळं झालं. बाबांनी मुकादमाला स्वतः बोलावून आणलं. कॅलेंडर गेलं, बरणी गेली. रंगाचा वास बरेच दिवस जेवणात येत होता.

माझ्या आठवणीत आईबाबांचं त्यावरून भांडण नाही. भांडण झालं असतं तर मला ते लिहिणं सोपं गेलं असतं. रविवारी बाबा जेवले आणि वापीला गेले, नेहमीसारखे. परतताना मात्र त्यांनी आमच्या क्वार्टरांच्या वळणावरूनच हॉर्न द्यायला सुरुवात केली. लांब, थांबून थांबून. घर येईपर्यंत. सुमनताई म्हणायच्या, काका दर रविवारी वरात घेऊन येतात. हॉर्न ऐकला की आई हातातलं टाकून उभी राही आणि तिचा चेहरा लाल होई. तिने रविवारी दार लावणंच सोडून दिलं. उलट दोन्ही फळ्या उघडून ती उंबऱ्यात बसायची, समोर सूप, सुपात तांदूळ. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून बसवायची. स्वयंपाकघराच्या जमिनीवर तिला आडवं झालेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिने ते थांबवलं असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण कुणालाच माहीत नसलेला तो वेळ तिला पुन्हा मिळाला नाही, हे खात्रीने म्हणू शकते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी मुंबईत एका वर्तमानपत्रात होते आणि मला दीदींची मुलाखत घ्यायला पाठवलं. त्यांना एक मोठा सन्मान जाहीर झाला होता. घरात पुस्तकं, पारितोषिकं, खिडकीत तुळस. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मला ओळखलं नाही. ओळखावं असं काही कारणही नव्हतं. कोणाची, कुठली हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मुलाखत चांगली झाली. कराची, संकलनाची खोली, पहिल्या चित्रपटाला हसलेले वितरक. मग मी संवादांबद्दल विचारलं. रविवारच्या त्या प्रसंगाबद्दल. त्या हसल्या आणि माझ्या टेपकडे बोट दाखवलं.

"ते बंद करा, मग सांगते."

मी बंद केला.

"युक्ती हीच. बटण बंद केलं की माणूस बोलायला लागतो. म्हणून मी बटण लवकर बंद करते. माझी स्मरणशक्ती चांगली आहे."

"ते वाक्य कुणाचं होतं?"

"होती एक बाई. शिक्षिका. सिल्वासाला. खरं तर मी तिलाच घेणार होते. पंधरवडाभर शूटिंगही केलं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "नाही जमलं. ती कॅमेऱ्यासमोर आली की आनंदी दिसायची. भाजी चिरताना आनंदी, कपडे वाळत घालताना आनंदी. काढलेलं सगळं बघितलं, सगळे रशेस, एका ठिकाणी दुःख सापडेना. मी काय करणार? मला त्या चेहऱ्याचा उपयोग नव्हता. बोलण्याचा होता."

त्या खोटं बोलत नव्हत्या. क्रूरही वाटल्या नाहीत. कामाबद्दल बोलताना कारागीर असतो तेवढ्याच कोरड्या होत्या. मी ते तेव्हा छापलं नाही. बंद टेपसमोर बोललेलं छापायचं नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. त्यांच्या धंद्यात ते शिकवत नसावेत. आज त्या नाहीत आणि माझ्यापुढे त्यांच्यावरचा लेख आहे, म्हणून ते लिहिलं.

मुलाखत छापून आली त्याच्या पुढच्या रविवारी मी सिल्वासाला निघाले. दीदी जे म्हणाल्या ते आईला सांगावं की नाही, हे वापीपर्यंत ठरलं नव्हतं. वापीहून भरलेली रिक्षा. वाटेत दादऱ्याला वणगंगेच्या बागेपाशी ती उतारूंसाठी थांबली आणि मला फाटकाजवळ बाबांची स्कूटर उभी दिसली. मी तिथेच उतरले.

बागेत एका हिंदी गाण्याचं चित्रीकरण चाललं होतं. कर्ण्यातून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती. तळ्यावरच्या पुलावरून नायक-नायिका धावत यायचे, थांबायचे, परत मागे जायचे. बाबा लांबच्या बाकावर एकटे बसले होते. शेजारी मासळीची रिकामी पिशवी.

मला बघून ते दचकले नाहीत. "बस," म्हणाले. "केव्हाचे धावतायत. अजून पोचले नाहीत."

मी बसले. वापीच्या कॅरमवाल्या काकांची तर कधीच बडोद्याला बदली झाली ना, असं विचारलं.

"झाली की. तुझी नोकरी लागली त्या सुमारास."

"मग तुम्ही दर रविवारी इथे?"

"तिला वेळ नको मिळायला?" ते म्हणाले. मग, पिशवीची घडी घालत, "आधी फुकट मिळायचा. आता मी देतो. सारखंच नाही ते. पण दुसरं काय करू, कळत नाही."

मी त्यांना दीदींचं बोलणं सांगितलं. कारण सांगितलं. चेहरा आनंदी दिसायचा म्हणून. पुलावर कुणीतरी छत्री धरली, कुणीतरी नायिकेच्या कपाळावरचा घाम टिपला.

"दिसायचीच," बाबा म्हणाले. "इतक्या वर्षांत तशी मी तेव्हाच बघितली. म्हणून तर भिंतीला रंग काढू दिला नाही."

कर्णा पुन्हा सुरू झाला. त्यांनी घड्याळ बघितलं. "तू हो पुढे. मी जरा वेळाने येतो."

घरी पोचले तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघड्या होत्या. आई उंबऱ्यात बसली होती. सुपातले तांदूळ निवडून झालेले होते आणि ती ते पुन्हा निवडत होती. तिने माझी पिशवी घेतली, उशीर का झाला ते विचारलं नाही, आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघितलं.

"ह्यांची गाडी दिसली का गं वाटेत?"

मी सांगितलं, दादऱ्याच्या बागेत.

"कुणाबरोबर?"

"एकटेच. दर रविवारी तिथेच असतात."

ती उठली, आत जायला वळली आणि पुन्हा खाली बसली. सुपात हात फिरवत राहिली. तांदळात काही नव्हतं.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"बरीच."

"सावलीत बसलेत ना पण?"

मी हो म्हटलं. बाक उन्हात होता.